बंदरोबाचा शेंदूर आम्ही काढला

तुमच्या दारात दोन दिवसांत येऊन पडणारं खोकं त्याआधी ज्या जमिनीवर ठेवलेलं होतं, त्या जमिनीखाली काय आहे, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? नसेलच विचारलं. भिवंडीत जन्मून, रोज गोदामांच्या पत्र्याच्या भिंतींना वळसा घालून कामाला जाऊन मीही विचारलं नव्हतं. विचारणारा माणूस आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहायचा. भास्कर टिपणीस, जकात नाक्यावरचे निवृत्त कारकून. मी त्यांना टिपणीसकाका म्हणायचे. सहा आठवड्यांपूर्वी ते गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी धामणकर नाक्यावर रिक्षांच्या रांगेजवळ पत्रकं वाटत उभी होते. "गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. मागे त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ चालू होता. माझ्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता ती चूक एकट्या माझी झाली. इतकी वर्षं ते ती आपल्या अंगावर घेऊन बसले होते... तेव्हा हा लेख वाचताना माफ करा, यात त्यांचं कौतुक थोडं आहे आणि कबुली जास्त.

माझे बाबा लूमवर जॉबर, म्हणजे माग जोडणारे-दुरुस्त करणारे, होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. बालवाडीच्या पुस्तकाआधी मी वाचलेले शब्द म्हणजे 'कामगार बंधूंनो'. आमच्या घरात कागदाचे गठ्ठे पलंगाखाली असायचे, पाहुणे त्यावर बसायचे. एकदा बाबा खांद्यावर पिशवी घेऊन जिना चढत होते आणि टिपणीसकाका उतरत होते. काकांनी पिशवीकडे नुसतं पाहिलं. "कागद. आजचाच. शाई वाळायच्या आत बांधलात, डाग पडणार," म्हणाले. बाबांनी घरी येऊन पिशवी उघडली, तर खरंच डाग पडले होते. जन्मभर दुसऱ्यांचा माल ओळखण्यात घालवलेला माणूस होता तो. नाक्यावर चहा पिताना समोरून ट्रक गेला की ताडपत्री कशी बांधली आहे, मागचा पाटा किती दबला आहे, यावरून ते आत काय असेल ते सांगत. सूत, रसायनाचे पिंप, कांदा, लाकूड. मी खोटं पाडायला बघायचे आणि दर वेळी हरायचे. मला ते 'पत्रकबाई' म्हणत. "काय पत्रकबाई, आज कोणाचा निषेध?" असं जिन्यात विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे, हे महत्त्वाचं. बाकीचे थांबत नसत.

शाळेत आम्हाला पानिपत शिकवलं, फ्रान्सची क्रांती शिकवली, भिवंडीबद्दल एक ओळ नव्हती. ती सगळी मी काकांकडून शिकले, तीही त्यांच्या खुर्चीवरून दिसलेली. त्यांच्या मते या गावाचा इतिहास म्हणजे खाडीवरून आत येणाऱ्या मालाला कोण अडवतो याचा इतिहास. शिलाहार राजे ठाण्यात बसले, अरबांची गलबतं खाडीत शिरू लागली, तेव्हा नाका त्यांचा. मग सुलतान आले. निजामपूर हे नाव आपण आजही रोज बसच्या पाटीवर वाचतो आणि तो निजाम कोण हे विचारत नाही. मोगलांनी तर भिवंडीला इस्लामाबाद करून टाकलं होतं. पोर्तुगीज वसईला बसले आणि त्यांच्या परवान्याशिवाय आपल्याच खाडीत आपलं होडकं हलेना. मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबतं इथल्याच काठावर बांधली गेली. पुढे वसईलाच तह झाला आणि त्या एका कागदावर इंग्रजाने सगळ्या मुलखाच्या किल्ल्या घेतल्या. रेल्वे कल्याणवरून गेली, खाडी गाळाने भरली, बंदर मेलं. उत्तरेतला उठाव चिरडल्यावर तिथले विणकर पळत इथे आले आणि मँचेस्टरच्या कापडाने नागवलेल्या गावात पुन्हा माग वाजू लागला. हे सगळं ते चहाच्या दोन कटिंगमध्ये सांगत. एकदा म्हणाले, "राजा बदलला हे गावाला दवंडीने कळत नव्हतं गं. नाक्यावर बसलेला माणूस वेगळ्या भाषेत ओरडायला लागला की कळायचं." जकात बंद झाली तेव्हा ते निवृत्तीच्या जवळ होते. हजार वर्षांच्या त्या खुर्चीवर बसलेला मी शेवटचा, असं ते हसून म्हणायचे. मला ते हसू आवडायचं नाही. मला वाटायचं, या माणसाला राग येत का नाही?

आता बंदरोबाकडे येते. कामवारी नदी खाडीला मिळते तिथल्या काठावर एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाच्या टोकाला, जिथे पूर्वी धक्का होता, तिथे कमरेएवढा एक दगड उभा होता. शेंदराचे इतके थर की दगड आहे की शेंदूरच आहे, कळू नये. गाव त्याला बंदरोबा म्हणे. होड्या गेल्या, धक्का गेला, तरी दर अमावास्येला ठमाआजी नावाची एक आगरी म्हातारी त्याला तेल घालायची, आणि नारळी पौर्णिमेला सगळं गाव यायचं. काका नोकरीत असल्यापासून तिथे जात. शेंदराचा एक टवका निघाला होता तिथे त्यांना एका अक्षराची वेलांटी दिसली होती. एक वेलांटी. तेवढ्यावर ते वीस वर्षं त्या गावाला जात राहिले, ठमाआजीच्या ओट्यावर बसून काळा चहा पीत राहिले, पण हात लावला नाही. मग गावाच्या मागच्या सगळ्या शेतांवर गोदामं उठली आणि गोदामवाल्यांना मोठे कंटेनर आत न्यायला सरळ रस्ता हवा झाला. बंदरोबा बरोबर वळणावर. गावाने सांगितलं, देव हाय, हलनार न्हाय. रस्ता दोन वर्षं अडून राहिला. मोजणी झाली, दमदाटी झाली, देवाला संगमरवरी देऊळ बांधून देतो म्हणूनही झालं. गाव हललं नाही.

इथे थांबायला हवं होतं. चाललं होतं ते चालू द्यायला हवं होतं. पण मी पत्रकांवर वाढलेली. शेंदूर फासलेल्या दगडाच्या आधाराने भांडवलदाराशी लढायचं, हे मला पटेना. काकांच्या गुडघ्यांसाठी आम्ही महिन्यातून एकदा अकलोलीला जायचो. तिथल्या गरम कुंडाच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या माणसाशी मी तासभर वाद घातला. मी म्हटलं, अंधश्रद्धेने वाचवलेला इतिहास हा इतिहासच नसतो. लोकांना खरं सांगा. हा शिलालेख आहे, हा तुमचा पुरावा आहे, म्हणून लढा. काकांनी समोर वज्रेश्वरीच्या दिशेला बोट दाखवलं. "वसईचा किल्ला पडावा म्हणून पेशव्यांच्या सेनापतीने हिला नवस बोलला. किल्ला पडला, म्हणून ते देऊळ किल्ल्यासारखं बांधलंय. आता त्यात देव किती आणि राजकारण किती, चाळून वेगळं करून दाखव मला."

"दाखवते," मी म्हटलं. तेवीस वर्षांची होते.

त्यांनी पाय पाण्यातून बाहेर काढले, पंचाने सावकाश पुसले. मग म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर."

हे चार शब्द मला आता रोज ऐकू येतात. त्यांनाही ती अक्षरं वाचायची होती, हे खरं आहे. वीस वर्षांची भूक होती ती. पण तिच्यावर त्यांनी झाकण ठेवलं होतं आणि ते मी उचललं.

गावाला पटवायला दोन महिने लागले. ठमाआजीने काकांच्या तोंडाकडे बघून हो म्हटलं, माझ्या भाषणाकडे बघून नव्हे. एका रविवारी सकाळी नैवेद्य झाला, तिने स्वतःच्या हाताने पहिली खपली काढली आणि खाडीत सोडली. मग आम्ही गरम पाणी, कापूस आणि लाकडी पट्ट्या घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत दगड दिसायला लागला. वर चंद्र आणि सूर्य, मध्ये नऊ ओळी, खाली गाढव आणि बाई. अशा दगडांना गद्धेगाळ म्हणतात. जो हे दान मोडील त्याच्या घरातल्या बाईची गाढवाकडून विटंबना होईल, असा तो शाप असतो. (शापसुद्धा बाईच्याच अंगावर. त्यावर मी वेगळं पत्रक लिहिणार होते.) दगडाच्या पाठीवर इंग्रजी आकडे होते. साहेबाच्या मोजणीदारांनी आयता दगड मिळाला म्हणून त्यावरच आपल्या हद्दीची खूण कोरलेली. काका त्या आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाले, बघ, या बाजूने एक राज्य, त्या बाजूने दुसरं, आणि दोघांनाही दगड याच गावचा लागला. ओला कागद दगडावर ठोकून त्यांनी ठसा घेतला. मुंबईहून एक अभ्यासक बाई आल्या, त्यांनी वाचला. या बंदरावर उतरणाऱ्या मालावरच्या जकातीचा एक वाटा गावाच्या तळ्यासाठी सोडला आहे, कोणीही राजा आला तरी त्याने हे पाळावं, असा मजकूर निघाला. काका त्या दिवशी जेवले नाहीत. व्यापार इथून जाणार असेल तर जाताना गावाला काहीतरी देऊन जाईल, हे कोणीतरी हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून दिलं होतं. एवढा मोठा दस्तऐवज त्या गावाकडे होता. आणि समोर उभ्या असलेल्या गोदामांपैकी एकानेही त्या गावाला साधं गटार बांधून दिलं नव्हतं.

मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. मथळा होता : 'हा देव नाही, हा तुमचा हक्क आहे!' घरोघर वाटलं. संबंधित सरकारी खात्याला अर्ज केला, ठशाची प्रत जोडली, दगडाला संरक्षण द्या म्हणून विनंती केली. पोच मिळाली. आम्ही वाट बघायला लागलो.

पुढच्या ग्रामसभेत जागेचा व्यवहार बघणारा दलाल उभा राहिला. याच पंचक्रोशीतला माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. त्याने खिशातून माझं पत्रक काढलं, घडी उलगडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. इतक्या स्वच्छ उच्चारात माझं लिखाण कोणी वाचलेलं मी आजवर ऐकलं नाही. मग तो मंडळींकडे वळला. "शिकलेल्या मान्सानी लिवलंय, मी न्हाय. देव न्हाय असं मॅडमच सांगतायत. मग आता रस्त्याला अडतंय काय? दगूडच ना?" कोणीतरी हसलं. मी उठून हक्क म्हणजे काय ते सांगायला लागले. खालून एका बाईने विचारलं, ताई, ते तळं कुठं हाय? तळ्यावर पहिलं गोदाम उभं राहून दहा वर्षं झाली होती. ठमाआजी माझ्याकडे बघतही नव्हती, ती काकांकडे बघत होती. काका चष्मा पुसत होते. ठराव झाला. दगड सन्मानाने बाजूला ठेवू, असं त्यात लिहिलं होतं. आठवडाभरात मुरमाचे डंपर आले. तो बाजूला ठेवला की तिथेच गाडला, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा जमीन सपाट होती आणि रोलर फिरत होता. चार महिन्यांनी खात्याचं उत्तर आलं : प्रत्यक्ष स्थळपाहणीत नमूद वर्णनाची शिळा आढळून आली नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी ते पत्र फाडायला निघाले होते. काकांनी हातातून घेतलं, तारीख लिहिली आणि फाइलला लावलं. कारकून माणूस.

रोलर फिरताना पाहिला त्या दिवशी, परत येताना टेम्पोत ते एवढंच बोलले होते. "नाक्यावर पावती हातात आल्याशिवाय माल सोडायचा नाही, हे मी तीस वर्षं केलं. इथे देव आधी सोडला आणि पावती नंतर मागायला गेलो. चूक माझी." मी म्हटलं, चूक त्यांची आहे, गोदामवाल्यांची, दलालाची, खात्याची. अजूनही तेच म्हणते. त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण कुलूप उघडून देणारा हात माझा होता.

वर्षभराने एका अमावास्येला काका मला पुन्हा तिथे घेऊन गेले. दुपारची वेळ. डांबरी रस्त्याच्या मधोमध ठमाआजी बसली होती आणि वाटीतून रस्त्यावर तेल ओतत होती. मागे कंटेनर थांबलेला. मला वाटलं ड्रायव्हर शिव्या देणार. तो खाली उतरला, उत्तर प्रदेशचा असावा. "अम्मा, इधर क्या है?"

"हमारा बंदरोबा है," ती म्हणाली. "नीचे."

त्याने हात जोडले, गाडी मागे घेतली आणि कडेने काढली. इतका मोठा कंटेनर त्या जागेच्या कडेने निघू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही तिला उठवून सावलीत आणलं. काका तिची माफी मागायला लागले, की आम्ही तुमचा देव घालवला, त्याच्यावरचं लिखाण तुम्हाला आधीच नीट समजावून सांगायला हवं होतं. तिने त्यांना मध्येच थांबवलं. "लिवलेलं हाय ते मना काय म्हाईत नव्हतं? मी लग्न होऊन आले तवा शेंदूर येवढा जाड नव्हता. खाली गाढव हाय ते बी बघलंय. सासूनी सांगलं व्हतं, राजाचा कागद हाय, आपल्याला वाचता येत न्हाय. पन देव म्हनत रहा. देव म्हटला का कोनी हात लावीत न्हाय."

मी विचारलं, मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही? शेंदूर काढायला हो का म्हटलंत?

"शिकलेल्या मान्सांना येवढं तं ठाऊक असंल, असं वाटलं," ती म्हणाली. रागाने नाही. मला वाटतं रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे पिढ्यानपिढ्या त्या गावच्या बायका एक शिलालेख सांभाळत होत्या. सुलतान, फिरंगी, पेशवे, साहेब, सगळे नाके बदलले, आणि या बायकांनी त्याच्यावर शेंदराचं चिलखत चढवून तो सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवला. मी त्याला अडाणीपणा समजले. साहेबाने निदान स्वतःची खूण कोरून दगड जागेवर तरी ठेवला. मी पत्रक काढलं.

काका गेल्यावर धामणकर नाक्यावर फ्लेक्स लागला. 'इतिहासाचा चालताबोलता कोश हरपला.' काकांचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून छापलेल्या नावांत तो दलाल, हात जोडून, गॉगल लावून. शोकसभेत त्याने भाषणही केलं, आणि चांगलं केलं. लोकांनी मला बोलायला सांगितलं. मी बोलले नाही. त्या माणसाने पुन्हा माझे शब्द खिशात घालून न्यावेत, असं मला वाटत नव्हतं.

तेराव्यानंतर काकूंनी मला खोलीत बोलावलं. काकांची खोली म्हणजे एक लोखंडी कपाट, एक खुर्ची आणि खिडकीतून दिसणारा कारखान्याचा पत्रा. काकू म्हणाल्या, रद्दीवाल्याला द्यायच्या आधी तू बघ. कपाटात वरच्या खणात दोनशे पानी वही होती, मुलं शाळेत वापरतात तशी. मला वाटलं, शिलालेखांची वाचनं असतील. वाचन एकही नव्हतं. त्या रस्त्यावरच्या दुपारनंतर हा गुडघे दुखणारा माणूस मला न सांगता, एसटीने आणि शेअर रिक्षाने गावोगाव फिरला होता. प्रत्येक पानावर एक गाव. दगड कुठे उभा आहे, गाव त्याला काय म्हणतं, तेल कोण घालतं, कोणत्या वारी, घरी सून आहे का, ती पुढे घालील का. शेंदूर एकाचाही काढला नव्हता. अक्षर तेच, जकातीच्या पावतीवरचं, उजवीकडे किंचित कललेलं. काही पानांवर नंतर वेगळ्या शाईने एक ओळ घातली होती : 'बाई वारल्या. आता कोणी नाही.' अशी पानं मी मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबले... काकू दारात उभ्या होत्या. "अमावास्येला कुठे जायचे ते कधी सांगितलं नाही मला," म्हणाल्या. "तेलाची बाटली मात्र घरून न्यायचे."

ती वही आता माझ्याकडे आहे. छापणार नाही. दलालही वर्तमानपत्र वाचतात. पण तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते पत्रकातल्या मागण्यांसारखं वाचून सोडून देऊ नका. पुढच्या अमावास्येला तुमच्या गावाच्या, नाहीतर गोदामांच्या मागे उरलेल्या एखाद्या पाड्याच्या टोकाला जा. शेंदूर लावलेला एखादा दगड तिथे उभा असेल. त्याला तेल कोण घालतं ते विचारा. त्या बाईचं नाव लिहून घ्या, जागा लिहून घ्या, फोटो काढा आणि तो कोणालाही पाठवू नका. कोणी घालत नसेल, तर तेल तुम्ही घाला. उद्या त्या दगडावरून रस्ता जायची वेळ आली, तर ग्रामसभेत तिच्या शेजारी जाऊन बसा. मी देव मानत नाही, आजही मानत नाही. तरी सांगते : ती बाई उभी राहून त्याला देव म्हणाली, तर तिला दुरुस्त करू नका.